साताऱ्याहून कोकण: वाळूच्या टेकड्या, पक्षी आणि कासवाची पिल्लं बघायला कोणता किनारा, आणि भरती-ओहोटी कशी जुळवायची?

यवतेश्वर (सातारा)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घरच्यांना घेऊन दोन मुक्काम कोकणात जायचं ठरतंय. चार मोठी माणसं, नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, शिवाय आई. तिचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर किलोमीटरभर चालते. बनाना बोट, पॅरासेलिंग, घोडागाडी यातलं काही नको. मुलांना वाळूच्या टेकड्या, किनाऱ्यावरचे पक्षी, खेकडे आणि जमलं तर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची आहेत.

अडचणी अशा. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर ही नावं सगळे घेतात, पण आमच्या बाजूने कोणता घाट धरायचा आणि आईला कुठे सोपं जाईल ते कळत नाही. भरती-ओहोटीचा अंदाज नाही. गाडी किनाऱ्यापर्यंत नेता येते का? आणि वाळूत वावरताना तिथल्या जिवांना त्रास होऊ नये म्हणून नेमकं काय पाळायचं? "काळजी घ्या" एवढंच नको, जरा खोलात सांगा.

कुंभार्लीवळण (कराड)

दादा, आधी किनारा ठरवू, मग रस्ता.

वाळूची खरी टेकडी बघायची असेल तर केळशी. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे ती आहे. नुसती वाऱ्याने साठलेली वाळू नाही, आत थरावर थर आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा थरांत खापरं, हाडं आणि जुनी नाणी मिळाली. म्हणजे समुद्राने आणि माणसाने मिळून लिहिलेली वहीच आहे ती. म्हणून तिच्या उभ्या कापलेल्या बाजूवर चढायचं नाही, पोरांना घसरगुंडी करू द्यायची नाही. खालून आणि बाजूने बघा, थर स्पष्ट दिसतात.

कासवांसाठी वेळास सगळ्यात जुनं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ मध्ये संरक्षण सुरू केलं. समुद्र गरुडाची पाहणी करताना कासवांची अंडी चोरीला जातात हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून काम उभं राहिलं. पण वेळासला गावातून किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं आणि कासव महोत्सवाच्या शनिवार-रविवारी गर्दी फार असते. आईंच्या गुडघ्यांना ते जड जाईल.

तुमच्यासाठी मी गुहागर म्हणेन. किनारा लांबलचक, सहा-सात किलोमीटरचा. गाव अगदी पाठीशी, त्यामुळे मुक्कामाच्या घरातून वाडीतल्या पायवाटेने थेट वाळूवर उतरता येतं. कासवांची हॅचरी, म्हणजे अंडी राखून ठेवायची कुंपणाची जागा, आहे आणि अलीकडच्या हंगामांत तिथे घरटीही भरपूर मिळतायत. सुरूच्या बनासमोर वाळूचे बुटके उंचवटे आहेत, मर्यादवेलीने धरलेले. केळशीएवढे भव्य नाहीत, पण वाळूची टेकडी जन्माला कशी येते ते मुलांना तिथेच जास्त कळेल.

रस्ता: साताऱ्याहून उंब्रज, तिथून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, शिरगाव, चिपळूण आणि गुहागर. अंदाजे १७० किलोमीटर, थांबे धरून पाच तास. सांगलीकरांनी आष्टा, पेठनाका, कराड करून पाटणला हाच रस्ता धरायचा. पेट्रोल-डिझेल पाटण किंवा चिपळूणला भरा, मधल्या भरवशावर राहू नका. कुंभार्ली उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेक दाबून धरू नका. सकाळी आठच्या आत घाटात असाल तर धुकं धरून चाला. मुलांना गाडी लागत असेल तर कोयनानगरला थांबून घाटाआधी अर्धा तास काही खायला देऊ नका.

केळशी-आंजर्ले करायचं तर महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, दापोली. दापोलीपासून पुढचे रस्ते अरुंद आणि वळणाचे. अंतर कमी दिसतं पण वेळ खातात. दोन मुक्कामांत दोन्ही बाजू करायच्या असतील तर धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे, गाडी बोटीवर चढते आणि चिपळूण-खेडचा वळसा वाचतो. परत जाताना दाभोळ, दापोली, केळशी बघून आंबेनळीने साताऱ्याला चढता येईल. मात्र तो दिवस मोठा होतो. आई बरोबर आहेत तर दोन्ही रात्री गुहागरलाच काढा, असं माझं स्पष्ट मत.

कृष्णाकाठ (सांगली)

वरच्या उत्तराशी सहमत. पण किनारा कोणताही घ्या, तुम्हाला काय दिसेल हे तिथी ठरवते. हॉटेल बुक करण्याआधी पंचांग उघडा. आपल्याकडचे लोक इथेच फसतात: सुट्टी बघून जातात, पाणी बघून जात नाहीत.

कोकणात चालत आलेला हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, सव्वाअकरा येतात. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर पडताळून घ्या. महिना आधी बेत ठरवायला मात्र पाऊणकी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट पाणी किती हटतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा हा फरक निम्म्यावर येतो. उतार मंद असलेल्या किनाऱ्यावर दोन मीटर पाणी उतरलं की शंभर मीटर ओली वाळू उघडी पडते. खेकडे, शंख, पावलांचे ठसे, सगळं त्या पट्ट्यात. भांगाला तो पट्टा अरुंद राहतो.

आता तुमच्या कामाचं:

सकाळी लांब चालायचं, ओल्या वाळूवरची नक्षी बघायची, आईंना घट्ट जमिनीवर चालवायचं, तर पौर्णिमा-अमावास्येपासून पुढच्या तृतीयेपर्यंतचे दिवस. ओहोटी पहाटे पाच ते साडेआठच्या दरम्यान येते. ओली वाळू पावलाखाली दबत नाही, गुडघ्यांना त्रास नाही. कोरड्या वाळूत मात्र पाय रुततो आणि गुडघा वाकडा पिळला जातो, तिथे शंभर पावलंही जड.

पक्षी जवळून बघायचे तर उलट, भरती हवी. चिखल्या, तुतारी हे छोटे पक्षी ओहोटीला पाण्याच्या कडेने दूरवर पांगतात. भरती चढली की त्यांना बसायला जागा उरत नाही, मग कोरड्या वाळूच्या टोकाशी थवा करून एका पायावर विश्रांती घेतात. पूर्ण भरतीच्या आधीचा आणि नंतरचा दीड तास सगळ्यात चांगला. पश्चिमेचा किनारा असल्याने सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी सगळे काळे दिसतात. म्हणजे सकाळी पावणेसात ते नऊ भरती येईल अशा तिथ्या: नवमी ते द्वादशी.

एकाच सकाळी दोन्ही मिळत नाही. काय हवंय ते ठरवा.

यवतेश्वर (सातारा)

कृष्णाकाठ, हे फार कामाचं सांगितलंत. आम्हाला जमणारा पहिला शनिवार-रविवार शुक्ल दशमी-एकादशीला येतोय. पुढचा आठवडाही मोकळा करता येईल. पिल्लं, चालणं आणि आई तिन्ही धरून कोणता घेऊ?

कृष्णाकाठ (सांगली)

मांडून बघू. दशमीला भरती सकाळी साडेसातला, ओहोटी दुपारी पावणेदोनला. एकादशीला भरती सव्वाआठ, ओहोटी अडीच. पिल्लं साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, तेव्हा पाणी वर आलेलं असेल, माणसांना उभं राहायला अरुंद पट्टी उरेल आणि गर्दी मागच्या कोरड्या वाळूवर चढेल. तेच नको असतं. ओली वाळू उघडी पडेल दुपारी, तेव्हा मार्चचं ऊन आणि पाय भाजणारी वाळू. पक्षी मात्र उत्तम दिसतील.

पुढच्या आठवड्यात कृष्ण द्वितीया-तृतीया येते. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी सकाळी सव्वासातपासून पावणेआठपर्यंत. तृतीयेला साडेआठ. सकाळची पिल्लं, लगेच ओल्या वाळूवर दीड तास चालणं, नऊ-साडेनऊला घरी नाश्ता. आईंसाठी आणि मुलांसाठी हाच आठवडा घ्या. पक्षी दूर असतील, त्याला ८×४२ ची दुर्बीण पुरते.

एक मात्र आहे. पिल्लं बाहेर येणं तुमच्या तारखेवर नाही. हॅचरीतल्या प्रत्येक घरट्यावर अंडी ठेवल्याची तारीख आणि संख्या लिहिलेली असते. पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू तापलेली असेल तर लवकर. निघायच्या तीन-चार दिवस आधी मुक्कामाच्या घरी फोन करून "पुढच्या दोन दिवसांत कोणतं घरटं फुटायला आलंय का" एवढंच विचारा. ते कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या माणसांना, विचारून सांगतात.

मिरजेचीताई

यवतेश्वरदादा, काय पाळायचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. प्रत्येक नियमामागचं कारण मुलांना सांगितलंत तर ती तुमच्याआधी पाळतील.

किनाऱ्याचे तीन पट्टे ध्यानात ठेवा. पहिला ओली वाळू, रोज दोनदा पाण्याखाली जाणारी. दुसरा भरतीच्या काडीकचऱ्याच्या रेषेपासून वरची कोरडी, मऊ, उघडी वाळू. तिसरा वेलींचे उंचवटे आणि त्यामागचं सुरूचं बन. चालायचं फक्त पहिल्या पट्ट्यावर. दुसरा आणि तिसरा ओलांडायचा तो एकाच ठरलेल्या पायवाटेने, सगळ्यांनी एकामागे एक.

कारण कासवीण अंडी घालते ती दुसऱ्या पट्ट्यात, फूट-दीड फूट खोल, एका वेळी शंभर-सव्वाशे. बहुतेक घरटी कासवमित्र रात्रीच्या गस्तीत शोधून हॅचरीत हलवतात, कारण कुत्री, कोल्हे आणि चोर. पण एखादं सुटतंच. वर काही खूण नसते. अंडी घातल्यावर थोड्या तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं की तो मरतो. म्हणून हलवायचं काम जाणत्या माणसांनी त्याच रात्री, अंड्याची बाजू न बदलता करायचं असतं. आपण काठीने उकरून "आहे का बघू" करायचं नाही.

कासविणीचा माग ओळखायला मुलांना शिकवा. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणीचा माग दोन-अडीच फूट रुंद, डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे एकाआड एक. एक माग वर येणारा, एक परत जाणारा, आणि जिथे वळला तिथे वाळू विसकटलेली. असा ताजा माग दिसला तर त्यावर पाय देऊ नका, दुरून फोटो घ्या आणि हॅचरीतल्या माणसाला कळवा. कुणीच भेटलं नाही तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणं गुन्हा आहे.

पिल्लं सोडताना लोक हमखास विचारतात की सरळ पाण्यात का नाही सोडत. वाळूवरचं ते पंधरा-वीस फुटांचं चालणं त्यांना लागतंच. किनाऱ्याची ओळख त्याच वेळी मनात ठसते असं अभ्यासक मानतात, आणि जिथे जन्मल्या त्या भागात माद्या वाढल्यावर अंडी घालायला परततात. दोरी लावलेली असते, तिच्या आत पाय नाही. पिल्लू आडवं गेलं, उलटं पडलं तरी आपण हात घालायचा नाही, कासवमित्र बघतात. पिल्लं उजेडाकडे जातात: पहाटे-संध्याकाळी समुद्रावरचं आकाश उजळ असतं म्हणून ती बरोबर दिशेने निघतात. तुमच्या मोबाइलचा टॉर्च किंवा फ्लॅश चमकला की ती तिकडे वळतात. फ्लॅश आधीच बंद करून ठेवा, ऐनवेळी विसरतो.

या जिवांचा पल्ला किती, हेही मुलांना सांगा. २०२२ च्या जानेवारीत वेळासला "प्रथमा" नावाच्या मादीला उपग्रहाचा टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ओडिशात लावलेला बिल्ला सापडला. पूर्व किनाऱ्यावरची मादी देशाला वळसा घालून आपल्याकडे आली.

आता उंचवट्यांबद्दल. वारा कोरडी वाळू उडवतो, दाणे जमिनीलगत उड्या मारत येतात आणि कशाला तरी अडून खाली बसतात. अडवते मर्यादवेल. पानं आपट्यासारखी मधे चिरलेली, फुलं जांभळट गुलाबी. वाळू अंगावर चढली की ती वेल वरून नवी मुळं सोडते आणि आणखी वाळू धरते. असा एकेक इंच उंचवटा वाढतो. माणसं एकाच जागी चार-सहा वेळा चढली की वेल तुटते, तिथे उघडी खाच पडते, वारा त्या खाचेतून वाळू आत बनात नेतो. मग पावसाळ्यात उधाणाची लाट त्याच खाचेतून घुसते. जूनमध्ये लाटा किनाऱ्याची वाळू ओढून पाण्यात नेतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा ती परत आणतात. मधल्या काळात गावाला सांभाळते ती उंचवट्यात साठलेली वाळू. तिच्या पोटात पावसाचं गोडं पाणीही धरलेलं असतं, मागच्या वाड्यांतल्या विहिरी त्यावर चालतात. किनारपट्टीच्या २०१९ च्या नियमावलीत वाळूच्या टेकड्या आणि कासवांची अंडी घालायची जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, ते उगाच नाही.

बघायचं काय? ओहोटी लागून तासभर झाला की ओल्या वाळूवर मुगाएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या भोकापासून बाहेर फाकलेली. तिथे गुडघ्यावर बसून दोन मिनिटं अजिबात हलू नका. नखाएवढा खेकडा वर येतो, वाळू तोंडाला लावतो, त्यातलं खाणं चाटून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून पायाने मागे ढकलतो आणि पुढच्या चिमटीला लागतो. आपली सावली पडली की भोकात. पुढच्या भरतीला सगळी नक्षी पुसते. वरच्या कोरड्या वाळूत मोठी तिरकी बिळं दिसतात ती फिक्या, वाळूच्याच रंगाच्या खेकड्यांची. डोळे देठांवर, पळणं आडवं. संध्याकाळी अंधार पडताना ते बाहेर येतात.

शंख उचलायची हौस मुलांना असते. उचलायच्या आधी उलटा करून आत बघा, बरेचदा शंखखेकडा राहत असतो. रिकामा असला तरी तो त्याला लागणारच असतो. हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा.

पक्ष्यांना उडवायचं नाही. हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला हजारो किलोमीटर जाणार असतात, अंगावर चरबी साठवायचे हेच दिवस. एकदा थवा उडवला की तेवढं खाल्लेलं वाया. सरळ त्यांच्या दिशेने चालू नका, तिरके चाला. चरणं थांबवून सगळ्यांनी माना वर केल्या की तुम्ही जास्तच जवळ आलात, तिथेच खाली बसा. कुरव आणि सुरय यांच्या थव्यात पोरांना पळायला पाठवून फोटो काढतात, ते कृपा करून नको. सकाळी सुरूच्या शेंड्यांवर नजर ठेवा: मोठा, पांढऱ्या पोटाचा, राखी पाठीचा समुद्र गरुड दिसू शकतो. तांबूस, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार, गल्लत करू नका.

खिल्लारविटा

गाडीचं मी सांगतो. वाळूवर गाडी नेऊ नका, एवढंच उत्तर. कासवाचं घरटं चाकाखाली दाबलं जातं, आणि चाकोरीच्या खाचेत पिल्लू अडकलं की ते खाचेखाचेने किनाऱ्याला समांतर चालत राहतं, पाण्यापर्यंत पोचत नाही. शिवाय ओली वाळू घट्ट वाटते ती वरून. खाली पाणी धरलेलं असतं, गाडी उभी केली की चाकं बसायला लागतात, आणि भरती यायला लागली की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारात.

किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, तिथे चुकून रुतलात तर असं करा. ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक फिरलं की खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. सगळे उतरा. ओढणाऱ्या चाकांच्या पुढची वाळू हाताने उपसून उतरता चर करा. चाकांतली हवा २० पीएसआयपर्यंत खाली आणा, त्याने टायर पसरतो आणि भार वाटला जातो. पायपुसण्या किंवा नारळाच्या झावळ्या चाकापुढे घाला. स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, हळू सुटा. ज्या बाजूने आलात त्याच बाजूने बाहेर पडणं बहुतेक वेळा सोपं. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नका, कमी हवेत टायर तापतो. घरी आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी पत्रा खातं.

आष्टेकर

पाण्यात उतरण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. आपल्या कृष्णेत पोहणारा माणूस समुद्रात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला पोहता येतं म्हणून तो पुढे जातो.

नदीला एकच ओढ, कळते. समुद्रात लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते परत जायला एक चिंचोळी वाट शोधतं. ती वाट म्हणजे बाहेर ओढणारा प्रवाह. ओळखायची खूण अशी: दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटतोय आणि मधे एक पट्टा शांत, गडद, तिथे लाटा फुटत नाहीत. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण ती जागा शांत दिसते. उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. त्यात सापडलंच कुणी तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, जोर असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि लाटा फुटतायत तिथून परत या. मदतीला दुसऱ्याने उडी घालू नये. रिकामा पाच लिटरचा कॅन झाकण लावून फेकावा, तो माणसाला तरंगवतो.

नदीचं तोंड, खाडीचं तोंड इथे अजिबात उतरायचं नाही, ओहोटीला तर नाहीच. खाडीत साठलेलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडत असतं. केळशीला टेकडी बघायला गेलात तर ती तोंडाशीच आहे, मुलांचा हात सोडू नका. निघण्याआधी इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा आहे का बघा. दूरच्या वादळाच्या लाटा निरभ्र दिवशीही येतात.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत सरकवा. पाकट हा चपटा मासा, तो वाळूत दडलेला असतो, धक्का लागला तर निघून जातो, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. आधी दुसऱ्याने पाण्यात हात घालून बघावं, बधिर पाय भाजतो. मग दवाखाना, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. जेलीफिश लागलं तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा. वाळूवर पडलेलं मेलेलं जेलीफिशही डंख करतं.

यवतेश्वर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्ण द्वितीया-तृतीयेचा शनिवार-रविवार आणि गुहागर पक्कं केलं. दोनच शंका: पहाटे अंधारात किनाऱ्यावर जाताना उजेड कोणता घ्यायचा, आणि आईला पिल्लं बघायला उभं राहावं लागेल का?

मिरजेचीताई

साधा टॉर्च नको. डोक्याला बांधायची लाल दिव्याची बॅटरी मिळते ती घ्या, किंवा टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनच्या तीन-चार घड्या रबरबँडने बांधा. उजेड पायापुढे जमिनीवर, समुद्राकडे कधीच नाही. हॅचरीपाशी पोचलात की तोही बंद. मुक्कामाच्या घराचा समुद्राकडचा बाहेरचा दिवा रात्री बंद ठेवायला सांगा, लोक ऐकतात.

आईंसाठी घडीचं हलकं स्टूल न्या, पाय पसरट असलेलं. बारीक पायांचं स्टूल वाळूत एका बाजूला रुततं आणि माणूस पडतो. तसलंच असेल तर खाली जाड प्लायचा फूटभर तुकडा घाला. पिल्लं सोडायच्या वीस मिनिटं आधी पोचा आणि तिथल्या माणसाला सांगा, म्हाताऱ्या माणसांना दोरीच्या टोकाशी बसवतात. पायात मागून पट्टा असलेली सँडल, स्लीपर नको. पाणी माणशी दोन लिटर, आणि एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा: चालताना दिसतील ते मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे तिच्यात भरून गावातल्या कचराकुंडीपर्यंत आणा. जाळ्यात कासव अजून अडकलेलं असेल तर मात्र कापायला जाऊ नका. ओला कपडा पाठीवर टाका, डोळे-नाकपुड्या मोकळ्या ठेवा, पाण्यात ढकलू नका आणि १९२६ ला फोन लावा.